मदत हवी आहे: आउटबोर्डच्या गिअर ऑइलमध्ये पाणी, सील बदलूनही

बोटीच्या मागे बसणारं ४० एचपी, फोर-स्ट्रोक आउटबोर्ड इंजिन, खाऱ्या पाण्यात वापर. ऑइल बदलताना खालच्या गिअरकेसमधून दुधाळ, म्हणजे पाणी मिसळलेलं, ऑइल आलं. प्रॉपेलर काढला तर शाफ्टवर मासेमारीची नायलॉन दोरी घट्ट गुंडाळलेली. दोरी सीलमध्ये घुसलीच असणार, म्हणून प्रॉपेलर शाफ्टची दोन्ही सील (पाणी अडवणाऱ्या रबरी कड्या) आणि बेअरिंग कॅरिअरची ओ-रिंग नवी टाकली. ड्रेन आणि व्हेंट स्क्रूचे वॉशरही नवे. ऑइल नेहमीसारखं खालून, वरच्या भोकातून बाहेर येईपर्यंत भरलं.

तरी पुन्हा दुधाळ. आधीपेक्षा कमी, पण आहे.

आता ऑइल काढून हातपंपाने १० पीएसआय दाबाची हवा भरली. शाफ्ट स्थिर असताना दाबमापकाचा काटा हलत नाही. प्रॉपेलर हाताने फिरवला की दाब हळूहळू उतरतो आणि साबणाच्या पाण्याचे बुडबुडे प्रॉपेलर शाफ्टपाशीच दिसतात. वर ड्राइव्ह शाफ्टपाशी किंवा शिफ्ट शाफ्टपाशी काही नाही, त्यामुळे ‘वॉटर पंपाखालचं (ड्राइव्ह शाफ्टचं) सील बघ’ हा मला मिळालेला सल्ला तूर्त बाजूला ठेवतोय. शाफ्ट वाकलेला नाही, डायल गेजने पाहिलं. मात्र सीलची कड जिथे टेकते तिथे बारीक चर पडलाय, नखाला लागतो.

नवा शाफ्ट फार महाग पडतोय, लेथही हाताशी नाही. अशा वेळी सील एक-दीड मिलिमीटर पुढेमागे बसवून कड कोऱ्या जागेवर आणणं खाऱ्या पाण्यात टिकतं का, की चर झाकणारी पातळ स्टीलची रिपेअर स्लीव्हच (नळी) शाफ्टवर चढवावी? आणि स्लीव्ह लावली तर सील त्याच मापाचं चालतं ना?