भौतिकशास्त्रज्ञ व्हायचे असेल तर पदवीसाठी लहान महाविद्यालय की मोठे विद्यापीठ?

प्रश्न

मला पुढे सैद्धांतिक भौतिकशास्त्रात पीएचडी करायची आहे. पदवीसाठी दोन ठिकाणी प्रवेश मिळाला आहे. एक मोठे संशोधन विद्यापीठ आहे. तिथे नावाजलेले संशोधक आहेत, पण पहिल्या वर्षाच्या वर्गात शेकडो विद्यार्थी बसतात. दुसरे लहान महाविद्यालय आहे. तिथे केवळ पदवीपर्यंत शिकवतात आणि भौतिकशास्त्राच्या वर्गात जेमतेम दहा-बारा जण असतात. महाविद्यालय निवडल्यास पीएचडीच्या प्रवेशात मी मागे पडेन का?

उत्तर १

केवळ महाविद्यालयातून आलात म्हणून मागे पडणार नाही. इलेक्ट्रॉनचा विद्युतभार मोजणारे रॉबर्ट मिलिकन १८९१ साली ओबर्लिन महाविद्यालयातून पदवीधर झाले आणि पीएचडीसाठी कोलंबिया विद्यापीठात गेले. आर्थर कॉम्प्टन वूस्टर महाविद्यालयातून प्रिन्स्टनला गेले. अलीकडचे उदाहरण हवे असेल, तर २००६ चे नोबेल मिळालेले जॉन मॅथर स्वार्थमोर महाविद्यालयाचे विद्यार्थी होते. पीएचडीच्या प्रवेशात शिफारसपत्रांना फार वजन असते आणि ज्या प्राध्यापकांनी तुम्हाला फळ्यापाशी उभे राहून अडखळत का होईना, पण गणित शेवटास नेताना पाहिले आहे, त्यांच्या पत्राला जी धार येते ती केवळ गुणपत्रिका पाहून लिहिलेल्या पत्राला येत नाही. शिवाय जिथे पीएचडीचे विद्यार्थीच नाहीत, तिथे प्राध्यापकांना संशोधनात हाताशी पदवीचेच विद्यार्थी घ्यावे लागतात.

उत्तर २

वरील मताशी मी अर्धाच सहमत आहे. प्रश्नकर्त्याला सैद्धांतिक भौतिकशास्त्राकडे वळायचे आहे, हे विसरून चालणार नाही. लहान विभागात प्राध्यापक मोजके असल्याने वरच्या वर्गाचे विषय पुष्कळदा एक वर्षाआड शिकवले जातात. पुंजयामिकीचा (क्वांटम मेकॅनिक्सचा) दुसरा भाग नेमका तुमच्या शेवटच्या वर्षी नसेल, तर ती उणीव पीएचडीच्या पहिल्याच सत्रात जाणवते. विद्यापीठात तयारी असलेल्या विद्यार्थ्याला पदव्युत्तर वर्गात बसण्याची वाट बहुधा मोकळी असते. रिचर्ड फाइनमन एमआयटीत पदवीसाठी शिकत असतानाच पदव्युत्तर पातळीचे विषय घेत होते, आणि रेणूंमधील बलांवरचा त्यांचा पदवीचा प्रबंध १९३९ साली ‘फिजिकल रिव्ह्यू’ या संशोधनपत्रिकेत छापून आला. म्हणून दोन्ही विभागांकडून मागच्या चार वर्षांची वेळापत्रके मागवा. माहितीपुस्तिकेत विषय छापलेला असणे वेगळे आणि तो प्रत्यक्ष शिकवला गेलेला असणे वेगळे.

प्रश्नकर्ता

दोघांचेही आभार. वेळापत्रके मागवतो. मला सिद्धांताकडेच जायचे असल्याने प्रयोगशाळेचा विचार बाजूला ठेवला तर चालेल का?

उत्तर ३

कृपया ठेवू नका. आज सिद्धांताची ओढ वाटते, कारण शाळेत भौतिकशास्त्र बहुतेक कागदावरच भेटते. पदवीच्या काळात ही आवड बदलणारे अनेक जण असतात. दोन्ही ठिकाणी शक्य असेल तर तिसऱ्या वर्षाच्या प्रात्यक्षिकाला जाऊन बसा. मायकेलसन व्यतिकरणमापी (प्रकाशाचा झोत दोन भुजांतून पाठवून आरशांनी पुन्हा एकत्र आणणारे आणि त्यातून उजेड-अंधाराचे पट्टे पाडणारे उपकरण) आधीच जुळवून ठेवलेला असतो आणि विद्यार्थी फक्त पट्टे मोजून वहीत आकडे भरतात, की आरशांचे स्क्रू स्वतः फिरवून पट्टे पडद्यावर आणण्यात त्यांची दुपार जाते, हे पाहा. पट्टे दिसू लागल्यावर एका भुजेखाली नुसता तळहात धरला, तरी तापलेल्या हवेचा अपवर्तनांक बदलतो आणि पट्टे सरकू लागतात. हे ज्याने स्वतः घडवून पाहिले आहे, त्याला मोजमापातील त्रुटी म्हणजे काय हे निराळे शिकवावे लागत नाही, आणि सिद्धांत मांडणाऱ्यालाही ती समज हवीच.

माझा कौल महाविद्यालयाला आहे, मात्र एका अटीवर: यामिकी, विद्युतचुंबकत्व, पुंजयामिकी आणि सांख्यिकीय भौतिकी हे चारही विषय प्रगत पातळीवर तुमच्या कालावधीत नक्की शिकवले जाणार असतील तरच. तशी खात्री विभागप्रमुखांकडून मिळत नसेल, तर विद्यापीठात जा आणि पहिल्याच वर्षी एखाद्या संशोधनगटाच्या साप्ताहिक चर्चेला बसण्याची परवानगी मागा.