नॅनो युरिया: बाटलीत गोणी मावते का? (चर्चागटातला संवाद)

काळं रान
कपाशीला वरखत द्यायचं म्हणून दोन गोण्या युरिया आणायला गेलो. दुकानदार म्हणाला, सोबत पानांवर फवारायच्या नॅनो युरियाच्या दोन बाटल्या घ्याव्याच लागतील. लिंकिंग म्हणतात ते हेच. नाइलाजाने घेतल्या आणि रात्री पोरीची वही घेऊन हिशेब मांडला.

45 किलोच्या गोणीत 46 टक्के नत्र (नायट्रोजन), म्हणजे 20 किलो 700 ग्रॅम. 2021 मध्ये इफ्को या सहकारी खतसंस्थेने देशातला पहिला नॅनो युरिया आणला त्यात 4 टक्के, म्हणजे 500 मिलीच्या बाटलीत 20 ग्रॅम. आणि दावा काय, तर एक बाटली एका गोणीच्या बरोबरीची! कण बारीक केला म्हणून नत्र वाढतं का हो? मला तरी हा नॅनोच्या नावाचा बाजार वाटतो.

कणाद
हिशेब बरोबर, निष्कर्ष घाईचा. गोणीतलं सगळं नत्र पिकाच्या तोंडी लागतं कुठे? बरंचसं अमोनिया होऊन उडून जातं, नाहीतर नायट्रेट होऊन पाण्याबरोबर मुळांच्या खाली झिरपतं. नॅनोचे 20 ते 50 नॅनोमीटरचे (नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग) कण पर्णरंध्रांतून थेट पानात जातात, अशी कल्पना आहे. वाया जाणंच टळलं तर कमी नत्रात भागेल.

आणि सरसकट ‘नॅनोचा बाजार’ म्हणू नका. आयआयटी मद्रासच्या टी. प्रदीप यांच्या गटाने लोहाच्या नॅनो पदार्थाने पाण्यातलं आर्सेनिक धरून ठेवणारं ‘अमृत’ हे तंत्र बनवलं, पश्चिम बंगालमध्ये ते वापरातही आलं. कोविडच्या एमआरएनए लसी मेदाच्या नॅनोकणांत गुंडाळल्या म्हणून पेशीत पोचल्या.

हिशेबी
लसीचं उदाहरण तुमच्यावरच उलटतंय, कणाद. लसीतला आरएनए हा रेणू नाजूक, उघडा टोचला तर शरीरात लगेच तुटतो, म्हणून कवच. युरियाला कवच कशाला? पाण्यात विरघळला की त्याचा रेणू एका नॅनोमीटरहूनही लहान असतो. आधीच लहान असलेल्याचे 20 नॅनोमीटरचे कण करून काय साधलं?

गोणीतलं 60 टक्के वाया गेलं असं धरा, तरी 8 किलो उरतं. समोर 20 ग्रॅम.

फुलोऱ्यातल्या हरभऱ्यावर 2 टक्के युरिया फवारणं आपल्याकडे जुनंच आहे. 15 लिटरच्या पंपाला 300 ग्रॅम युरिया, खर्च दोन रुपयांच्या आत, त्यात नत्र 138 ग्रॅम. नॅनो लिटरला 4 मिली घेतलं तर पंपाला 60 मिली, 225 रुपयांच्या बाटलीने सुमारे 27 रुपये, आणि नत्र अडीच ग्रॅमसुद्धा नाही. पंजाब कृषी विद्यापीठाने दोन वर्षं प्रयोग केले. नेहमीचा युरिया कमी करून नॅनो फवारलं तर भात 13 टक्के आणि गहू 21.6 टक्के घटला. आता बोला.

कणाद
4 टक्क्यांचं मिश्रण तोकडं होतं, मान्य. पुढे 20 टक्क्यांचं आलंच ना? आणि इफ्कोने शेतकऱ्यांच्या शेतांत घेतलेल्या चाचण्यांत उत्पादन सरासरी 8 टक्के वाढल्याचं सांगतात.

हिशेबी
20 टक्के म्हणजे बाटलीत 100 ग्रॅम. गोणी अजून दोनशे पट पुढे आहे. आणि विकणाऱ्याने स्वतःच सांगितलेले 8 टक्के मी वहीत लिहीत नाही.

बांधावरची
दोघं वहीतच भांडताय. आमच्या रानात पावसाळ्यात बैलगाडी जात नाही, गोणी गुडघाभर चिखलातून डोक्यावर न्यावी लागते. ती कोण नेतं, ते विचारा कधी घरात! बाटली पिशवीत मावते, म्हणून मला ती खरी ठरावी असं वाटतं. सलग पावसाने रान उपळलं, पाणी साचून राहिलं की मुळं काम करत नाहीत, तेव्हा पानावरची फवारणीच कामाला येते, हेही पाहिलंय. पण गोणीऐवजी म्हणून विकू नका, आणि बळंच गळ्यात बांधू नका. चांगली वस्तू असेल तर लिंकिंग कशाला लागतं?

काळं रान दादा, बाटल्या फेकू नका. कपाशीच्या चार तासांवर (ओळींवर) नॅनो फवारा, चार तासांना साधा 2 टक्के युरिया, चार तास तसेच सोडा. खत सगळ्यांना सारखंच ठेवा आणि कापूस वेगळा वेचून वजन करा.

काळं रान
ताई, पटलं. तासांना लाल-पिवळ्या चिंध्या बांधून आलोय. पहिली वेचणी झाली की वजनं इथेच टाकतो. हिशेबी, तोवर निकाल देऊ नका.