पतसंस्थेच्या कारभाराला मायक्रोसर्व्हिसेस कशाला हव्यात?

ताळेबंद
परवा या मंचावर मेघवाहन यांनी लिहिलं की पतसंस्थांची सॉफ्टवेअरं अजून एका सर्व्हरवर, एका डेटाबेसवर चालतात हे आपलं मागासलेपण आहे. सभासद, ठेव, कर्ज, पिग्मी, लाभांश, प्रत्येकाची वेगळी सर्व्हिस आणि प्रत्येकीचा वेगळा डेटाबेस, म्हणजेच मायक्रोसर्व्हिसेस, हीच म्हणे आता 'एकमेव योग्य रचना'. हे वाचून राहवलं नाही, म्हणून वेगळा धागा काढतोय.

पिग्मी एजंट संध्याकाळी वसुली भरतो तेव्हा काय होतं बघा. रोख जमा, ठेवीदारांच्या खात्यांत जमा, एजंटाचं कमिशन खर्ची, शाखेच्या किर्दीत नोंद. सगळ्या नोंदी झाल्या पाहिजेत, नाहीतर एकही नाही. एका डेटाबेसात हे सगळं एका ट्रान्झॅक्शनमध्ये, म्हणजे एका अखंड व्यवहारात, बसतं. मध्येच वीज गेली तर रोलबॅक होतो, म्हणजे अर्धवट नोंदी आपोआप रद्द होतात, आणि तेरीज (सगळ्या खात्यांची जमा-नावे बेरीज) जुळते. याच नोंदी चार सर्व्हिसमध्ये वाटल्या, तर तिसरी अडकल्यावर आधीच्या दोन फिरवायचा कोड तुम्हालाच लिहावा लागणार. त्याला 'सागा' म्हणतात. गार्सिया-मोलिना आणि सालेम यांनी १९८७ मध्ये ती कल्पना मांडली ती दीर्घकाळ चालणाऱ्या व्यवहारांसाठी. काउंटरवरच्या पावतीला ती लावायची गरज काय? नोंदी फिरवून होईपर्यंत कुणी शिल्लक बघितली तर चुकीचा आकडा दिसणार, आणि त्याचं उत्तर काउंटरवरच्या माणसाने द्यायचं.

मॉड्यूल, म्हणजे एकाच प्रोग्रॅमचे भाग, वेगळे हवेतच. पार्नास या संगणकशास्त्रज्ञाने १९७२ मध्येच एका लेखात सांगितलं की जे निर्णय पुढे बदलतील असं वाटतं, ते एकेका मॉड्यूलच्या पोटात लपवा. व्याज कसं काढतात हे कर्जाच्या मॉड्यूलबाहेर कुणाला कळायला नको. पण त्यासाठी मध्ये नेटवर्क कशाला घालायचं? एका प्रोग्रॅममध्ये ज्यांना सीमा पाळता येत नाहीत, त्यांना त्या पाच सर्व्हरवरही पाळता येणार नाहीत.

आणि मोठ्यांचंच उदाहरण हवं असेल, तर अ‍ॅमेझॉनच्या प्राइम व्हिडिओच्या एका टीमने २०२३ मध्ये स्वतःच लिहिलंय की सुटे सुटे भाग एका प्रोसेसमध्ये आणल्यावर त्यांचा खर्च ९० टक्क्यांहून जास्त कमी झाला.

मेघवाहन
माझं नाव घेतलंत, तर उदाहरण तरी पूर्ण द्या. तो सगळा प्राइम व्हिडिओ नव्हता. चित्र-आवाजाचा दर्जा तपासणारं ते एक साधन होतं. एक एक फ्रेम साठवणीतून इकडून तिकडे न्यायची रचना महाग पडली, म्हणून ती बदलली. बाकी सेवा वेगळ्याच राहिल्या. हे न सांगता ९० टक्के फेकायचे, ही दिशाभूल आहे.

उलट बाजूही ऐका. ऑगस्ट २००८ मध्ये नेटफ्लिक्सचा मुख्य डेटाबेस बिघडला आणि तीन दिवस त्यांना डीव्हीडी पाठवता आल्या नाहीत. त्यानंतरच ते क्लाउडकडे (भाड्याच्या, विखुरलेल्या सर्व्हरांकडे) वळले, आणि ते काम जानेवारी २०१६ मध्ये संपलं. एका जागी सगळं ठेवल्याचा परिणाम असा असतो.

आणि माझा अनुभव. एका पतसंस्थेत (नाव घेत नाही) मार्चअखेर व्याज आकारणी भर दिवसा सुरू केली. खात्यांच्या टेबलवर लॉक बसला, म्हणजे ते काम संपेपर्यंत बाकीच्यांना त्यात नोंद करता येईना, सगळ्या शाखांचे काउंटर थांबले. मुलीच्या लग्नाची ठेव मोडायला आलेल्या बाई तीन तास बाकावर बसून होत्या. व्याजाची सर्व्हिस वेगळी असती तर हे झालं नसतं. तुम्ही १९७२ चे दाखले देत बसा, रांगेतल्या माणसाला त्याचा काही उपयोग नाही.

ताळेबंद
त्या बाईंचं ऐकून वाईट वाटलं, मनापासून सांगतो. पण लॉक बसला तो सगळी खाती एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये घेतली म्हणून. शाखावार तुकडे करा, आकारणी रात्री चालवा. दोन दिवसांचं काम आहे, त्यासाठी अख्खी रचना मोडायची? आणि नेटफ्लिक्सच्या रचनेमागे किती माणसं आहेत ते तरी बघा.

हडपसरकर
माणसांवरूनच बोलतो. कॉन्वे या प्रोग्रॅमरने १९६८ मध्ये लिहिलं ते रोज पटतं: संस्थेत बोलणी जशी चालतात, तशीच तिची प्रणाली घडते. पतसंस्थांना सॉफ्टवेअर देणारे बहुतेक पाच-सहा जणांचे गट असतात. नऊ सर्व्हिस केल्या तरी रात्री फोन त्याच एका पोराला जातो. फरक इतकाच, की आता त्याला नऊ ठिकाणचे लॉग (प्रोग्रॅमने केलेल्या कामाच्या नोंदी) बघावे लागतात.

काउंटर_दोन
मी प्रोग्रॅमर नाही, पतसंस्थेत काम करते. तुमचा वाद वाचला. पण आमचं खरं दुखणं कुणी घेतच नाही. सभासद यादी अकारविल्हे लागत नाही. क्षीरसागर 'ह'च्या पुढे शेवटी हवेत, तर ते कोल्हे आणि खरे यांच्यामध्ये. ळ पाहावा तर ल आणि व यांच्यात घुसलेला. गेल्या सभेला कुऱ्हाडे नावाचे सभासद हजेरीपत्रकावर सापडेनात. ते रागावून निघाले, मग दुसऱ्या पानावर तेच नाव दिसलं. सॉफ्टवेअरवाल्यांना विचारलं तर म्हणाले, स्पेलिंग वेगळं आहे. मी दोन्ही नावं भिंगाखाली धरून बघितली हो, एका काडीचा फरक नाही!

लिपिकार
ताई, डोळ्यांना फरक दिसणारच नाही. 'कुऱ्हाडे' दोन तऱ्हांनी टंकता येतं. एक, ऱ, हलन्त आणि ह. दुसरी, साधा र, हलन्त, मग न दिसणारं एक जोडचिन्ह आणि ह. पडद्यावर दोन्ही सारखी, पण डेटाबेसच्या लेखी दोन वेगळी माणसं. युनिकोडचं (प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या प्रमाणाचं) प्रमाणीकरण चालवलं तरी ती एक होत नाहीत. शोधासाठी वेगळा रकाना ठेवावा लागतो: त्यात जोडचिन्ह काढून टाकायचं आणि ऱ चा र करायचा. क्रमाचं म्हणाल तर तो युनिकोडच्या क्रमांकांवर लागतोय, म्हणून असं दिसतं. पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये २०१७ पासून आयसीयू या लायब्ररीची कोलेशन, म्हणजे भाषेनुसार क्रम लावायचे नियम, आहेत. कुणी मराठीचं लावतच नाही.

हडपसरकर
यापेक्षा नावं सरळ इंग्रजीत ठेवा. निम्मी भानगड मिटेल.

लिपिकार
मिटत नाही. इंग्रजीत साठे आणि साठ्ये एकाच स्पेलिंगने लिहिणारे आहेत, आणि एकाच माणसाची चार कागदांवर चार स्पेलिंगं असतात. आमच्या आजीला पासबुक वाचता येत होतं ते मराठीत होतं म्हणून. ज्यांचे पैसे आहेत त्यांना स्वतःचं नाव वाचता येऊ नये, ही कसली सोय? जुन्या फाँटातला डेटा युनिकोडमध्ये आणताना पहिली वेलांटी अक्षराच्या आधी साठवलेली असते. ती उचलून मागे लावायचा कोड मी लिहिलाय, तेव्हा भानगड मला ठाऊक आहे. तरीही इंग्रजी नको.

हडपसरकर
रागावू नका. पासबुक मराठीतच हवं, मागे घेतो. पण वसुलीची नोटीस कोर्टात गेल्यावर आधारवरचं स्पेलिंग जुळलं नाही की वकील आम्हाला फोन करतो, तुम्हाला नाही.

काउंटर_दोन
दोन्ही रकाने ठेवा ना मग!

मेघवाहन
ताईंनी माझंच म्हणणं मांडलं. नाव ठेव, कर्ज, लाभांश अशा सगळ्या टेबलांत उतरवलेलं असतं, म्हणून कुऱ्हाडे दोनदा येतात. सभासदाची एकच सर्व्हिस असती आणि नाव फक्त तिच्याकडे असतं, तर लिपिकारांचा तो रकाना एकाच जागी झाला असता.

ताळेबंद
नावाला मालक एकच हवा, हे शंभर टक्के मान्य. पण तो मालक सभासद मॉड्यूल असू शकतो. पार्नासच्या त्या लेखातलं उदाहरणही शब्दसूची अकारविल्हे लावण्याचंच आहे, आणि सगळं एकाच यंत्रावर. उलट तुमच्या पाच सर्व्हिसांना दरवेळी नेटवर्कवरून नाव मागणं जड झालं की प्रत्येकजण आपली प्रत ठेवणार. म्हणजे पुन्हा पाच कुऱ्हाडे.

मेघवाहन
प्रत ठेवली तरी मूळ कुठे आहे ते ठरलेलं असतं. तुमच्याकडे तेही नसतं. बरं, पिग्मी एजंटाच्या मोबाइलचं काय? वाडीवस्तीवर रेंज नाही. तिथे तुमचं एकच ट्रान्झॅक्शन कसं चालवणार?

ताळेबंद
नाही चालत. तो मोबाइल वेगळी प्रणालीच आहे, तिथे तुमचं बरोबर. पावतीचा क्रमांक मोबाइलवरच पडला पाहिजे आणि तीच पावती दोनदा आली तर दुसरी नाकारली पाहिजे. एवढं मी मानतो, कारण तिथे नेटवर्क आधीच मध्ये आहे, आपण घातलेलं नाही. कर्ज आणि ठेव एकाच खोलीत असताना मात्र मानणार नाही.

मेघवाहन
म्हणजे 'एकमेव' हा शब्द तेवढा मागे घ्यायचा. घेतो. बाकी मतावर ठाम आहे.

काउंटर_दोन
वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते. लिपिकार, तो वेगळा रकाना आमच्या सॉफ्टवेअरवाल्यांना नेमका काय सांगून मागू?

लिपिकार
लिहून द्या: सभासद नावाला शोधरकाना, मराठी कोलेशन, आणि बदल करण्याआधी पूर्ण बॅकअप. रकाना भरल्यावर जी नावं दोनदा येतील त्यांची यादी आधी तुमच्या हातात मागा. आपोआप जोडू देऊ नका. दोन सख्खे चुलतभाऊ एकाच नावाचे असू शकतात, आणि त्यांची खाती एक झाली तर सोडवायला कुणी येणार नाही.