मदत हवी आहे: रायदिंगमध्ये गुण, हॉट प्लेटवर काहीच नाही

रानजाई: नॉक्लिया लॅटिफोलिया या आफ्रिकन औषधी झाडाच्या मुळाच्या सालीवर, ती वेदना कमी करते का यावर, काम करतेय. अ‍ॅसेटिक अ‍ॅसिड टोचल्यावर उंदीर वेदनेने पिळवटतात (रायदिंग); हे पिळे अर्काने निम्म्यावर येतात. हॉट प्लेटवर, म्हणजे तापवलेल्या तबकडीवर, मात्र अर्क न दिलेल्या कंट्रोल ग्रुपइतक्याच वेळात पंजे चाटायला लागतात. सर म्हणतात डोस वाढव. सबमिशन तोंडावर आलंय, लवकर सांगा.

खलबत्ता: अर्क पाण्यातला की मिथेनॉलमधला? तोंडावाटे की पोटात टोचून? तबकडीचं तापमान, कट-ऑफ (जास्तीत जास्त किती सेकंद ठेवता)?

सह्यवासी: आफ्रिकेत कशाला जायचं? निर्गुडीचा पाला गरम करून बांधा. आईचा गुडघा त्यानेच मोकळा झाला.

रानजाई: पाण्यातला, तोंडावाटे. ५५ अंश, १५ सेकंद. साल कॅमेरूनचा वर्गमित्र मरुआहून घेऊन आला. तिकडे काढा करून ताप-दुखण्यावर देतात.

जुना_केमिस्ट: मरुआ? मग आधी ट्रामाडोल (कारखान्यात बनणारं वेदनाशामक) तपासा! २०१३ मध्ये याच झाडाच्या मुळांत ते सापडलं, निसर्गच ट्रामाडोल बनवतो म्हणून गाजावाजा झाला. २०१४ मध्ये जर्मनीतल्या डॉर्टमुंडच्या संशोधकांच्या गटाला कॅमेरूनच्या त्याच सुदूर उत्तर भागात इतर झाडांच्या मुळांत, मातीत, पाण्यातही ते मिळालं, शिवाय प्राण्यांच्या शरीरात तयार होणारे त्याचे मेटाबोलाइट्सही. शेतकरी गोळ्या स्वतः घेतात, गुरांनाही देतात. मुतावाटे ते जमिनीत उतरतं.

खलबत्ता: औषधाइतकं ट्रामाडोल असतं तर हॉट प्लेटवर दिसलं असतं. रायदिंगमध्ये नुसती गुंगी आणणारं औषधही पास होतं. रोटारॉड लावा (फिरत्या दांड्यावर उंदराचा तोल टिकतो का, त्यावरून गुंगी कळते), मग पंजात फॉर्मालिन टोचून वेदना मोजा. पहिल्या पाच मिनिटांत फरक नाही आणि १५ ते ३० मिनिटांच्या टप्प्यात आहे, तर अर्क सुजेवर काम करतोय. डोस नंतर.

जुना_केमिस्ट: कमी मात्रा हॉट प्लेटला चकवते. एलसी-एमएसशिवाय (अर्कातली रसायनं वेगळी करून ओळखणारी तपासणी) ‘वनस्पतीचा गुण’ असं प्रबंधात लिहूच नका.

माईआजी: मुलगी जर्मनीहून डेव्हिल्स क्लॉ पाठवते, हे तेच का?

खलबत्ता: नाही माई, तो कलहारीतला कंद. हे झाड आपल्या कदंबाच्या कुळातलं. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय डेव्हिल्स क्लॉ घेऊ नका.

रानजाई: रोटारॉड कॉलेजात आहे, लावते. एलसी-एमएस पुण्यात कुठे करून मिळेल? दर?

जुना_केमिस्ट: दराचं नंतर. झाड शेताच्या बांधावरचं की रानातलं, मित्राला विचारलंत का? तिथे गुरं चरतात?