तीन संगणकांवरची गाणी एकत्र करताना सारख्या नावाच्या दोन-दोन फाइली दिसतात

दादर_पश्चिम

दादरला विंडोजचा डेस्कटॉप, ठाण्याच्या घरी विंडोजचाच लॅपटॉप आणि एक जुना मॅकबुक, त्यावर आयट्यून्स. तिन्हींवर मिळून साधारण ४०० जीबी संगीत आहे: नाट्यगीतं, भावगीतं आणि बरंचसं ख्यालगायन. एमपी३, फ्लॅक, एम४ए असं मिसळलेलं. सगळं लिनक्सवर चालणाऱ्या नॅसवर (घरच्या नेटवर्कवरच्या साठवणपेटीवर) आणायचं आहे. विंडोजवरचं साधं कॉपी केलं, मॅकवरचं आरसिंक या कॉपी करणाऱ्या प्रोग्रामने पाठवलं. आता एकाच फोल्डरमध्ये ‘दुसऱ्या मैफलीतला यमन’ या नावाच्या दोन फाइली दिसतात, नावात काडीचाही फरक नाही. काही फाइली नाव लांब आहे म्हणून नॅस घेतच नाही. शिवाय एकच सीडी दोन संगणकांवर उतरवलेली आहे. ठेवायची कुठली?

नॅसकर

आधी थांबा आणि झालेली सरमिसळ पुसून टाका. मूळ संगणकांवरचं अजून काही उडवलेलं नसेल तर काहीच गेलेलं नाही. नॅसवर प्रत्येक संगणकाचं वेगळं फोल्डर करा, त्यात जसंच्या तसं उतरवा, आणि तीच प्रत एका बाहेरच्या डिस्कवर घेऊन ती डिस्क बाजूला ठेवा. लॅमिंग्टन रोडवर मिळणारी साधी २ टीबीची डिस्क पुरते. पावसाळ्यात ती सिलिका जेलच्या पुड्यांसकट हवाबंद डब्यात असू द्या. यूएसबी २.० च्या पोर्टवर वेग सेकंदाला ३०-३५ एमबीच्या वर जात नाही, म्हणजे ४०० जीबीला साडेतीन तास धरा.

पुढचा क्रम मोडू नका: नावांची अक्षरं एकसारखी करणं, मग दुहेरी फाइली काढणं, मग टॅग (फाइलीच्या आत नोंदलेलं शीर्षक, कलाकार वगैरे), आणि फाइलींची नावं बदलणं अगदी शेवटी. टॅग आधी बदलले तर एमपी३ फाइलीचा हॅश, म्हणजे तिच्या मजकुरावरून काढलेली खूण, बदलतो आणि तंतोतंत सारख्या दोन फाइलीही वेगळ्या ठरतात.

ऱ_चा_पाय

सारख्या दिसणाऱ्या नावांचं कारण ‘ऱ’ आहे. युनिकोडमध्ये तो दोन प्रकारे लिहिता येतो: एकसंध ‘ऱ’, किंवा ‘र’ आणि त्याखाली नुक्ता. जुन्या मॅकची एचएफएस प्लस फाइलप्रणाली नाव साठवताना अक्षर फोडून ठेवते. त्या रूपाला एनएफडी म्हणतात. विंडोजवर टाइप केलेलं नाव बहुधा एकसंध, म्हणजे एनएफसी असतं. लिनक्स फक्त बाइट बघतो, त्यामुळे त्याच्या लेखी ही दोन नावं.

उपाय: नॅसवर कन्व्हएमव्ही हे फाइलनावांचं रूप बदलणारं साधन चालवा, एनएफसीचा पर्याय देऊन, आणि फक्त मॅकच्या फोल्डरवर. सुरुवातीला ते नुसती चाचणी दाखवतं. खरोखर बदल करायला ‘नोटेस्ट’ हा पर्याय द्यावा लागतो. पुढे आरसिंक वापराल तर ३.० किंवा त्यापुढची आवृत्ती मॅकवर टाका आणि आयकॉन्व्हचा, म्हणजे पाठवतानाच नावांचं रूप बदलण्याचा, पर्याय द्या. जुन्या मॅकसोबत येणाऱ्या २.६.९ मध्ये तो नाही.

एवढ्याने सगळं सुटत नाही. काही कळफलक ‘दुसऱ्या’तला र ‘र’, हलन्त आणि अदृश्य जोडखूण असा लिहितात. दिसायला तेच, पण एनएफसी त्याला हात लावत नाही, कारण युनिकोडच्या हिशेबी ती समान रूपं नाहीत. तिथे शोधा-आणि-बदला हाच मार्ग. टॅगसाठी एमपी३टॅग या टॅग बदलण्याच्या प्रोग्राममधली रिप्लेस ही कृती एकदा बनवून ठेवा, सगळ्या संग्रहावर चालते. उर्दू नावांतल्या ज़, ग़ चंही हेच: एकसंध आणि फोडलेलं मिसळलं की ‘ग़ज़ल’ यादीत दोनदा येते. गंमत म्हणजे या अक्षरांचं एनएफसी रूप फोडलेलंच असतं.

लांब नावांचं: लिनक्सवर फाइलनावाला २५५ बाइट मिळतात आणि देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट खातं. मात्रा, हलन्त वेगळे मोजले जातात. ‘दुसऱ्या’ म्हणजे ७ चिन्हं, २१ बाइट. एकूण ८५ चिन्हांत, एक्स्टेन्शन धरून, बसवा. ईक्रिप्टएफएसने कूटबद्ध केलेल्या फोल्डरमध्ये मर्यादा १४३ बाइटांवरच येते. विंडोजवर २५५ ‘चिन्हं’ चालतात, म्हणून तिथे हे कळतच नाही.

मध्यलय

दुहेरी फाइलींबद्दल. ख्यालगायनात नावावरून किंवा टॅगवरून काहीही उडवू नका. एकाच गायकाचे ‘यमन’ दहा असतील आणि दहाही वेगळ्या मैफलींचे असतील. ड्यूपगुरू या दुहेरी फाइली शोधणाऱ्या प्रोग्रामचा संगीताचा प्रकार टॅग जुळवतो, तो इथे घात करेल; त्यात फाइलच्या आतल्या मजकुराची तुलना निवडा.

फ्लॅक फाइलीत ध्वनीची स्वतःची एमडी५ खूण असते, टॅग बदलले तरी ती तशीच राहते. मेटाफ्लॅकने ती वाचता येते. मात्र तुमच्या दुहेरी सीडीला ती पुरणार नाही: प्रत्येक ड्राइव्ह थोडा पुढे-मागे वाचायला सुरुवात करतो, त्यामुळे गाणं तेच असूनही खूण वेगळी येते. ज्या प्रतीसोबत ॲक्युरेटरिपने इतरांनी उतरवलेल्या प्रतींशी ताडून तपासल्याचा लॉग आहे ती ठेवा. लॉग दोन्हींना नसेल तर फूबार२००० या प्लेअरच्या बिट कम्पेअरने फक्त सरक आहे की चूकही आहे ते बघा.

एमपी३साठी पिकार्ड या टॅगिंगच्या प्रोग्राममधून अकूस्टआयडी, म्हणजे आवाजावरून काढलेली ओळखखूण, काढा. वेगवेगळ्या बिटरेटच्या प्रती त्यात एकत्र सापडतात. आकाशवाणीवरून किंवा मैफलीत ध्वनिमुद्रित केलेलं बहुधा सापडणार नाही. तिथे कालावधी दोन-तीन सेकंदांत जुळत असेल तर स्वतः ऐका.

३२० केबीपीएस लिहिलंय म्हणून प्रत चांगली समजू नका. १२८ ची फाइल फुगवून केलेली असेल तर स्पेक या ध्वनीचा आलेख दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये १६ किलोहर्ट्झच्या आसपास सरळ कापलेली रेघ दिसते. पण ७८ गतीच्या तबकडीवरून घेऊन खरखर काढलेल्या नाट्यगीतांत वरचा भाग मुळातच नसतो. त्यांना ही कसोटी लावू नका.

टॅगमध्ये शीर्षकात राग, बंदिश, ताल. अल्बममध्ये मैफलीचं ठिकाण आणि साल. कलाकाराच्या नावाआधी पं., भारतरत्न वगैरे नको, नाहीतर ‘भीमसेन जोशी’ चार ठिकाणी विखुरतात.

दादर_पश्चिम

कन्व्हएमव्हीच्या चाचणीत बहुतेक ‘ऱ’वालीच नावं आली. आयट्यून्समधल्या प्लेलिस्ट आणि गाण्यांना दिलेले तारे कसे आणू?

नॅसकर

तारे फाइलीत नसतात, आयट्यून्सच्या लायब्ररीत असतात. मॅकवर प्रत्येक ताऱ्यासाठी एक स्मार्ट प्लेलिस्ट करा आणि सगळ्या प्लेलिस्ट एम३यू८ प्रकारात बाहेर काढा. साध्या एम३यूमध्ये देवनागरीची प्रश्नचिन्हं होऊ शकतात. मग मजकूर-संपादकात मॅकचा पत्ता काढून प्लेलिस्टपासून पुढचा सापेक्ष मार्ग ठेवा. या याद्यांतली नावंही एनएफडीच असतात, म्हणून युकॉन्व्हने त्याही एनएफसी करून घ्या. फाइलींची नावं शेवटी म्युझिकबी या विंडोजवरच्या प्लेअरच्या आतूनच बदला, म्हणजे प्लेलिस्टमधले पत्ते तोच सुधारतो.