तवा घ्यायचाय: नॉनस्टिक की बिडाचा?

ए-२०२: नमस्कार मंडळी. जुना तवा गेला. ॲपवर नॉनस्टिक पंधरा मिनिटांत दारात येतोय, सासूबाई म्हणतात बिडाचाच, म्हणजे ओतीव लोखंडाचा घे. आमच्याकडे घावन-आंबोळ्या नेहमीच्या. काय करू?

बी-१०४: नॉनस्टिक घे गं. सकाळी डबे, मुलांची व्हॅन, त्यात चिकटलेला तवा खरवडत कोण बसणार?

सी-३०१: वहिनी, घाई सगळ्यांनाच आहे, पण नॉनस्टिकचा थर निघाला की दुरुस्ती नाही. पितळेच्या पातेल्याला पुन्हा कल्हई होते, कुकरची रिंग, शिट्टी, व्हॉल्व्ह बदलून मिळतात. तवा मात्र सरळ भंगारात. आणि तो रिकामा मोठ्या आचेवर ठेवायचा नाही, साधारण २६० अंशांच्या वर थर खराब व्हायला लागतो. कोथिंबीर, दूध खुशाल ॲपवरून मागवा, ते त्याच दिवशी संपतं. रोज आचेवर चढणारी वस्तू दुकानात जाऊन, हातात घेऊन बघावी.

बी-१०४: भाकरीला लोखंडी तवा माझ्याकडेही आहे हो. मी घावनांपुरतं म्हणतेय.

ए-४०३ (आजी): घावनांसाठीच तर बीड! नवा तवा स्वच्छ घासून तांदळाच्या पेजेत दोन-तीन दिवस बुडवून ठेव, पेज रोज बदल. मग पुसून मंद आचेवर तापव, तेल घाल आणि अर्धा कांदा काट्याला टोचून सगळीकडे फिरव, कांदा काळा होईपर्यंत. हे तीन-चार वेळा कर. पहिले घावन फाटतील, धीर सोडू नकोस. रुळला की पीठ घातल्यावर जाळी पडते आणि कडा आपोआप सुटते. नंतर साबणाने खसाखसा घासायचा नाही. गरम पाण्याने धू, गॅसवर कोरडा कर, तेलाचा हात फिरव. पावसाळ्यात तर हे चुकवूच नकोस, गंज धरतो. चिंच-कोकमाचं त्यात काही शिजवू नकोस.

सी-१०२ (काका): आजींचं पटतं. पण वजनाचं कोणी बोलत नाही. आमच्या हिचं मनगट दुखतं, बिडाचा तवा एका हाताने उचलवत नाही. तिच्यासाठी नॉनस्टिकच बरा, लाकडी उलथणं आणि मध्यम आच ठेवली की झालं. शिवाय बीड ठिसूळ. हातातून निसटलं किंवा तापलेल्या तव्यावर गार पाणी ओतलं तर तडा जातो.

सी-३०१: काका, हे खरंय. काकूंना पत्र्याचा हलका लोखंडी तवाही जमेल, तोही तेल पिऊन रुळतो.

ए-२०२: आमची शेगडी इंडक्शन आहे. बीड चालेल ना?

सी-१०२ (काका): चालतं, फक्त बूड सपाट हवं. नुसत्या ॲल्युमिनियमचा नॉनस्टिक इंडक्शनवर तापतच नाही, खाली वेगळा थर लागतो. ॲपवर घेशील तर तेवढं वाच.

बी-१०४: हे मला माहीतच नव्हतं. आजी, तेल लावून तयार केलेले बिडाचे तवे मिळतात म्हणे, ते चालतील?

ए-४०३ (आजी): चालतील, पेजेचा खटाटोप वाचेल. तरी कांदा-तेल एकदा कराच.

ए-२०२: मग बिडाचाच. शनिवारी बाजारात जाते, दुकानातून बुडाचा फोटो टाकेन. काका, तेवढा बघून सांगा.