डिस्क इतकी वेगवान, मग आवाज का तुटतो?

तानपुरा:
गेल्या महिन्यात एका बैठकीचं ध्वनिमुद्रण केलं. 24 ट्रॅक, 48 किलोहर्ट्झ, 24 बिट. सेकंदाला जेमतेम साडेतीन एमबी. डिस्क सलग लिहायला दीडशे एमबीची. तरी विलंबित संपून द्रुत उचलली आणि आवाज तुटला, कारण त्याच डिस्कवर बॅकअप सुरू झाला होता. ती तान परत येणार नाही.

मिनिटाला 7200 फेऱ्या घेणाऱ्या डिस्कला हेड, म्हणजे वाचणारं-लिहिणारं टोक, हलवायला आठ-नऊ मिलिसेकंद, वर अर्ध्या फेऱ्याचे चार. विखुरलेली वाचनं सेकंदाला ऐंशीच्या आसपास होतात. बॅकअपच्या बारीक फायलींनी ती खाल्ली की दीडशे एमबी कागदावरच राहतात. कुणाचं काम कधीपर्यंत व्हायलाच हवं हे शेड्यूलरला, म्हणजे डिस्कच्या कामांचा क्रम ठरवणाऱ्या प्रोग्रॅमला, कळलं पाहिजे, असं माझं ठाम मत आहे.

कोरडवाहू:
पटलं नाही. दहा सेकंदांचा आवाज आधी रॅममध्ये साठवणारा बफर म्हणजे 35 एमबी. एवढ्यासाठी शेड्यूलर कशाला बदलायचा? शिवाय सॅटा जोडणीची डिस्क एनसीक्यूमध्ये, म्हणजे स्वतःच्या आतल्या रांगेत, 32 मागण्या एकदम घेते आणि आपल्या सोयीने उरकते. तिथे कर्नलचं, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याचं, काही चालत नाही.

तानपुरा:
लिहिताना बफर पुरेल, मान्य. पण गायिका म्हणाली, "मघाची जागा ऐकव जरा", तर प्ले दाबून बफर भरेपर्यंत बसायचं? एनसीक्यूचं खरं आहे, म्हणून मी ती रांग 32 वरून एका मागणीवर आणली. वेग थोडा गेला, चालेल.

दगडीचाळ:
दोघांचंही अर्धवट आहे. नुसतं ज्याची मुदत आधी तो आधी केलं, तर हेड येरझाऱ्या घालून दमतं. 1993 मध्ये रेड्डी आणि वायली या संशोधकांनी स्कॅन-ईडीएफ ही पद्धत मांडली: आधी मुदत बघा, मुदती सारख्या असतील तिथे लिफ्टसारखं वाटेतलं उचलत जा. लिनक्सच्या डेडलाइन शेड्यूलरमध्येही वाचनाला 500 मिलिसेकंदांची मुदत असते, पण डिस्कची कुवत संपली की तीही चुकते. 2017 मध्ये लिनक्सच्या 4.12 कर्नलमध्ये आलेलं बीएफक्यू हे दुसरं शेड्यूलर प्रत्येकाला वाटा देतं, मुदत पाळत नाही. हमी हवी असेल तर नव्या कामाला दारातच "जागा नाही" म्हणता आलं पाहिजे.

कोरडवाहू:
म्हणजे बॅकअप सुरूच होऊ द्यायचा नाही? मग त्याची वेळ बदला, झालं.

तानपुरा:
वेळ मी बदलली होती. बैठक रात्री दोनपर्यंत रंगली.